संस्थेचें विखुरलेलें दप्तर एका ठिकाणीं कसें आणावें

पीक कापून झाल्यावर पेंढ्या शेतांत जागोजाग पडून राहिल्या, तर पाऊस, गुरें आणि उंदीर आपापला वांटा घेतल्यावांचून राहत नाहींत. म्हणून शहाणा शेतकरी माल आधीं खळ्यावर आणतो, मळतो, उफणतो, मापतो आणि मगच कणगींत भरतो. हा धडा आपणांस कोणी शिकवावा लागत नाहीं. परंतु आपल्याच सहकारी संस्थांच्या व शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कागदपत्रांकडे पाहिलें, तर पेंढ्या अद्याप शेतांतच पडून आहेत असें दिसतें. सभासदांची यादी लेखनिकाच्या संगणकावर, ठरावांचे मसुदे चिटणिसांच्या लॅपटॉपवर, फवारणीच्या नोंदी पर्यवेक्षकाच्या मोबाईलमध्यें, ताळेबंद हिशेबतपासनिसांच्या ई-मेलमध्यें आणि बाकीचें सर्व व्हॉट्सॲपच्या गटांत, अशी बहुतेक ठिकाणीं वांटणी झालेली असते. हें दप्तर एकत्र करून क्लाउडवरील एका नियमबद्ध सामायिक व्यवस्थेंत कसें न्यावें, याची माहिती प्रस्तुत लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय आम्हांस सुचला तो एका कटु प्रसंगावरून. आमच्या संस्थेचे एक जुने सभासद वारले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ३० मध्यें सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचे भाग त्यानें नामनिर्देशित केलेल्या व्यक्तीच्या नांवें करण्याची तरतूद आहे. त्यांच्या पत्नी कचेरींत आल्या तेव्हां एका यादींत त्यांचें नांव निघालें, तर दुसरींत मयताच्या वडील भावाचें. मूळ कागद सांपडेना. त्याचें छायाचित्र पूर्वीच्या चिटणिसांनीं स्वतःच्या मोबाईलवर घेतलें होतें, व तो मोबाईल मध्यंतरीं बदलला गेला होता. त्या बाईंना चार खेपा घालाव्या लागल्या. चौथ्या खेपेस त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, मालक गेले ते गेले, आतां त्यांची सहीसुद्धां तुम्हीं हरवलीत का?" यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. शेवटीं पूर्वीच्या चिटणिसांच्या एका खासगी, न वापरलेल्या ई-मेल खात्यांत तें छायाचित्र मिळालें व बाईंचें नांव कायम झालें. दोन वर्षें न वापरलेलें वैयक्तिक खातें डिसेंबर २०२३ पासून गूगल कंपनी काढून टाकूं शकते, आणि त्या खात्यास दोन वर्षें पुरीं होण्यास थोडेच महिने उरले होते. एका कुटुंबाचा हक्क केवळ योगायोगानें वांचला. संस्थेनें योगायोगावर विसंबून राहणें योग्य नव्हे.

१. विखुरलेपणाचे दोष

विखुरलेल्या दप्तराचे मुख्य दोष तीन आहेत. पहिला दोष हा कीं, एकाच कागदाच्या अनेक प्रती होतात व खरी कोणती हें कोणासच सांगतां येत नाहीं. दुसरा, कागद संस्थेचा न राहतां माणसाचा होतो, आणि माणूस गेला, रागावला अथवा त्याचा मोबाईल पाण्यांत पडला कीं कागदहि जातो. तिसरा दोष असा कीं, कागदास बांध राहत नाहीं; सभासदांचे आधार क्रमांक व बँकखात्यांचे तपशील व्हॉट्सॲपच्या गटांतून ज्याला नको त्यालाहि दिसतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ या कायद्यानें अशी माहिती बाळगणाऱ्यावर ती वाजवी सुरक्षेंत ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्यानें अंमलांत आणण्याचें त्यांत ठरविलें आहे. तेव्हां "आमची संस्था लहान, आम्हांस कोण विचारतो," असें म्हणून स्वस्थ बसतां येणार नाहीं.

महाराष्ट्रास दप्तराचें महत्त्व नवें नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, आणि त्यांतून निवडलेले कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत ४५ खंडांत प्रसिद्ध केले. कागद टिकले आणि रुमालांतून शोधून काढतां आले, म्हणूनच त्यांचा उपयोग झाला. टिकणें व सांपडणें ह्या दप्तराच्या दोन कसोट्या आजहि त्याच आहेत.

२. क्लाउड म्हणजे काय व मालकी कोणाची

क्लाउड हा शब्द ऐकून आभाळाकडे पाहण्याचें कारण नाहीं. दूरच्या मोठ्या संगणकगृहांत आपण भाड्यानें घेतलेली जागा, इतकाच त्याचा अर्थ. सरकारी वखारींत आपण माल ठेवतों. वखार दुसऱ्याची, पण माल आपला व पावती आपल्या हातीं. त्यांतलाच हा प्रकार होय. गूगल वर्कस्पेस आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ ह्या अशा दोन प्रसिद्ध व्यवस्था आहेत.

येथें एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण बहुतेक संस्था येथेंच फसतात. कोणी कार्यकर्ता आपल्या फुकट वैयक्तिक खात्यावर संस्थेच्या फाईली चढवितो, इतरांस त्या दाखवितो, व सर्वांस वाटतें कीं दप्तर क्लाउडवर गेलें. वस्तुतः त्या फाईलींची मालकी त्या कार्यकर्त्याच्या खात्याचीच राहते. याउलट, संस्थेच्या नांवें घेतलेल्या गूगल वर्कस्पेसमधील "शेअर्ड ड्राइव्ह" या जागेंत ठेवलेली फाईल संस्थेची होते. ती ठेवणारा मनुष्य नोकरी सोडून गेला तरी फाईल जागच्या जागीं राहते. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेंत हेंच काम "शेअरपॉइंट" करतें. म्हणून खातें संस्थेच्या नांवें व संस्थेच्या पैशानें घ्यावें, आणि तसा ठराव संचालक मंडळानें करावा. भाडें दर माणशीं दर महिना आकारलें जातें. यास्तव जे प्रत्यक्ष दप्तर हाताळतात त्यांनाच खातीं द्यावीं. सर्व सभासदांस तीं देण्याची गरज नसते.

दुसरा मोठा लाभ फेरफाराचा. तलाठ्याकडे गांव नमुना ६ मध्यें प्रत्येक फेरफाराची नोंद असते, म्हणून ७/१२ वरील नांव कधीं व कशानें बदललें हें दाखवितां येतें. त्याचप्रमाणें ह्या व्यवस्थांत फाईल कोणी, केव्हां बदलली याची नोंद राहते व मागील आवृत्ति परत आणतां येते. शेअरपॉइंटमध्यें सामान्यतः ५०० मुख्य आवृत्त्या ठेवण्याची योजना असते. चुकून पुसलेली फाईल तेथें ९३ दिवसांपर्यंत परत मिळते. गूगलच्या शेअर्ड ड्राइव्हच्या कचरापेटींत ती ३० दिवस राहते. हीं मुदत संपल्यावर मात्र हळहळून उपयोग नाहीं.

३. खानेसुमारी

कामाची सुरुवात संगणकापासून करूं नये, वहीपासून करावी. एका वहींत सहा रकाने पाडावे: कागद कोणता, कोठें आहे, कोणाच्या ताब्यांत आहे, कोणत्या सालापासूनचा आहे, त्यांत सभासदांची खासगी माहिती आहे काय, आणि तो किती काळ ठेवणें अवश्य आहे. मग एकेका माणसाकडे जाऊन विचारावें. माजी पदाधिकारी, निवृत्त लेखनिक, हिशेबतपासनीस, फवारणीची नोंद घेणारे पर्यवेक्षक, यांपैकीं कोणासहि वगळूं नये. ही विचारपूस दोष काढण्यासाठीं नव्हे, हें आधींच सांगावें. नाहीं तर लोक लाजेनें फाईली लपवितात किंवा पुसून टाकतात. आमच्या अनुभवाप्रमाणें सर्वांत मोलाचा कागद बहुधा अशा ठिकाणीं निघतो कीं जें यादींत प्रथम कोणीच सांगितलें नव्हतें.

४. निंदणी

तण काढल्यावांचून लावणी करूं नये. सर्व फाईली जशाच्या तशा उचलून नव्या जागीं टाकल्या, तर जुना घोंटाळा भाड्याच्या जागेंत गेला, एवढेंच होतें. एकसारख्या प्रती निवडून एक ठेवावी. जेथें दोन प्रतींत फरक आहे तेथें "नवी तारीख ती खरी" असें समजूं नये. मूळ अर्ज व मंडळाचा ठराव यांशीं ताडून पाहावें, आणि जी प्रत खरी ठरेल तिची नोंद सभेच्या इतिवृत्तांत करावी. आमच्या दोन याद्यांचा निकाल अशाच रीतीनें लागला.

काय टाकावें याविषयीं उतावीळ होऊं नये. शेतकरी उत्पादक कंपनीस कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२८ प्रमाणें हिशेबाचीं पुस्तकें निदान ८ आर्थिक वर्षें जपावीं लागतात. सभासद-नोंदवही व सभांचीं इतिवृत्तें हीं कायमचीं समजावीं. ज्याविषयीं संशय असेल तें "जुनें" अशा नांवाच्या फोल्डरांत केवळ वाचण्यापुरतें खुलें ठेवावें. मुद्रांकाचे कागद, सह्या व अंगठे असलेले मूळ अर्ज स्कॅन झाले म्हणून जाळूं नयेत. ते कपाटांत क्रमानें लावून ठेवावे व कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यांत आहे हें फाईलीच्या नांवांतच लिहावें.

५. नांवें व लिपि

फाईलींचीं नांवें ठेवण्याची एकच रीत ठरवावी. तारीख लिहितांना वर्ष आधीं, मग महिना, मग दिवस, उदाहरणार्थ २०२५-०४-०१, असें लिहिलें म्हणजे फाईली आपोआप कालक्रमानें लागतात. सभासदाच्या कागदावर सभासद क्रमांक प्रथम घालावा. कारण पाटील, पाटिल असें एकच आडनांव दोघे निरनिराळें लिहितात, पण क्रमांक बदलत नाहीं. अंक मराठी घालावे कीं इंग्रजी, हेंहि एकदां ठरवावें. मिसळ केल्यास क्रम बिघडतो.

आपल्या लोकांस "७/१२" अथवा "गट १४५/२" असें लिहिण्याची संवय आहे. परंतु तिरप्या रेघेचें हें चिन्ह गूगल ड्राइव्हवर चाललें तरी शेअरपॉइंटमध्यें फाईलीच्या नांवांत चालत नाहीं. अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह व तारका हींहि चालत नाहींत. म्हणून "७-१२", "१४५-२" असें लिहावें. फोल्डरांत फोल्डर घालून मार्ग फार लांबवूं नये. शेअरपॉइंटमध्यें फाईलीसह सर्व मार्ग ४०० अक्षरचिन्हांच्या आंत बसावा लागतो. मराठींत काना, मात्रा व वेलांटी हीं प्रत्येकीं निराळीं चिन्हें मोजलीं जातात, हें विसरूं नये.

मराठी संस्थांची एक खास अडचण जुन्या टंकांची आहे. युनिकोडपूर्व धाटणीच्या टंकांत लिहिलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, परंतु संगणकाच्या पोटांत तीं इंग्रजी अक्षरेंच असतात. तो टंक नसलेल्या संगणकावर असा ठराव उघडला तर निरर्थक चिन्हें दिसतात, आणि क्लाउडवर "वारस" हा शब्द शोधल्यास तो त्यांत सांपडत नाहीं. अशा फाईली युनिकोडमध्यें रूपांतरित कराव्या. रूपांतरांत रफार, जोडाक्षरें व अंक चुकण्याचा संभव असतो. म्हणून मूळ फाईलीची एक पीडीएफ प्रत शेजारीं ठेवावी व रकमांचे आंकडे माणसानें डोळ्यांनीं ताडावे.

६. अधिकारांचे बांध

कोणास काय दिसावें व कोणास काय बदलतां यावें, हें ठरविणें म्हणजेच व्यवस्था नियमबद्ध करणें होय. अधिकार माणसाच्या नांवें न देतां पदास द्यावे: चिटणीस, लेखनिक, पर्यवेक्षक, संचालक. पंचवार्षिक निवडणुकीनंतर माणसें बदललीं म्हणजे पदांच्या गटांतून एक नांव काढून दुसरें घातलें कीं काम झालें. शेअर्ड ड्राइव्हमध्यें पांच पायऱ्या आहेत: केवळ पाहणारा, अभिप्राय देणारा, भर घालणारा, फाईलींची मांडणी सांभाळणारा आणि व्यवस्थापक. संचालकांस पाहण्याचा, पर्यवेक्षकांस फवारणीच्या फोल्डरांत भर घालण्याचा, लेखनिकास मांडणीचा, असे अधिकार पुरतात. सभासदांचे आधार व बँक तपशील निराळ्या जागीं ठेवून तेथें दोघांतिघांनाच प्रवेश द्यावा. "दुवा ज्याच्या हातीं त्यास फाईल खुली" ही सोय संस्थेच्या दप्तरापुरती बंद करावी.

सर्व व्यवस्थेच्या किल्ल्या एकाच माणसाच्या हातीं देऊं नयेत. निदान दोन व्यवस्थापक असावे. प्रत्येकाचा पासवर्ड निराळा असावा, आणि मोबाईलवरून दुसरी खातरजमा झाल्यावांचून कोणासहि आंत जातां येऊं नये. एकच पासवर्ड सर्वांनीं वापरणें म्हणजे फेरफाराच्या नोंदींस शून्य किंमत देणें होय. कारण मग कोणी काय केलें हें कळतच नाहीं.

७. प्रत्यक्ष स्थलांतर

वेळ साधून काम करावें. ३१ मार्चच्या वर्षअखेरीस किंवा ३० सप्टेंबरच्या आंत घ्यावयाच्या वार्षिक सभेच्या तोंडावर दप्तर हलवूं नये. आमच्या द्राक्षभागांत सभा आटोपल्यापासून माल तोडणीस येईपर्यंतचा काळ कचेरीस सोईचा वाटतो. प्रत्येकानें आपल्या पिकाप्रमाणें पाहावें.

प्रथम एक लहानसा वाफा घ्यावा, म्हणजे एकाच विभागाचे कागद हलवावे. फवारणीच्या नोंदी याला चांगल्या. निर्यातीच्या द्राक्षांस अपेडाच्या ग्रेपनेट व्यवस्थेंत बागेपर्यंत माग दाखवावा लागतो, त्यामुळें या नोंदी वारंवार लागतात व व्यवस्थेचे गुणदोष लवकर कळतात. पंधरा-वीस दिवस वापरून मगच बाकीचे विभाग घ्यावे.

किती वेळ लागेल याचा हिशेब आधीं करावा. समजा, दप्तर १०० गिगाबाईट आहे आणि फाईली चढविण्याचा इंटरनेटचा वेग सेकंदास १० मेगाबिट आहे. १ बाईट म्हणजे ८ बिट. तेव्हां ८,००,००० मेगाबिट भागिले १०, म्हणजे ८०,००० सेकंद, अर्थात् सुमारें २२ तास लागतील. वेग २ मेगाबिटच असेल तर साडेचार दिवसांहून अधिक लागतील. आपल्याकडे वीज जाते, तार तुटते. म्हणून तुटल्या ठिकाणाहून पुन्हां सुरू होणारें साधन वापरावें. मायक्रोसॉफ्टचें "शेअरपॉइंट मायग्रेशन टूल" व गूगलचें संगणकावर बसवावयाचें "ड्राइव्ह" हीं अशीं साधनें आहेत.

ज्या दिवशीं विभाग हलवावयाचा त्या दिवसापासून जुन्या जागीं लिहिणें बंद करावें. ती जागा केवळ वाचण्यास ठेवावी. एक पाय जुन्या घरांत व एक नव्यांत ठेवल्यास पुन्हां दोन याद्या तयार होतील, आणि सर्व श्रम व्यर्थ जातील.

८. पडताळा

माल वखारींत गेल्यावर पोतीं मोजतों, तसें येथेंहि करावें. जुन्या व नव्या जागेंतील फाईलींची संख्या व एकूण आकार ताडावा. प्रत्येक वीस फाईलींमागें एक उघडून पाहावी. माहितगार मनुष्य मिळाल्यास फाईलींचे "हॅश" काढून ताडावे; हॅश म्हणजे फाईलीच्या मजकुरावरून गणितानें काढलेली खूण, मजकुरांत एक अक्षर बदललें तरी ती बदलते. एक्सेलच्या ज्या तक्त्यांत दुसऱ्या फाईलींतून आंकडे येतात, त्यांचे दुवे स्थलांतरांत तुटतात. म्हणून भागभांडवल, येणें-देणें व शिल्लक यांच्या बेरजा आधीं कागदावर लिहून ठेवून नंतर जुळवाव्या. सर्व जुळल्यावरहि जुन्या प्रती एक हंगामभर जपाव्या, आणि मगच मंडळाच्या ठरावानें पुसाव्या. खासगी मोबाईल व ई-मेलमधील प्रती पुसल्याची लेखी कबुली त्या त्या व्यक्तीकडून घ्यावी.

९. नंतरची राखण

कचरापेटी म्हणजे राखीव प्रत नव्हे, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. महिन्यांतून एकदां सर्व दप्तराची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती कचेरीहून निराळ्या इमारतींत ठेवावी. कंपनी म्हणून नोंदलेल्या संस्थांनीं एवढ्यावर थांबूं नये. संगणकावर ठेवलेल्या हिशेबपुस्तकांची राखीव प्रत भारतांतील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवण्याचा नियम २०२२ पासून त्यांस लागू आहे.

संस्थेनें एक दप्तरदार नेमावा. नवा कागद कोठें जातो, सोडून जाणाऱ्याचें खातें त्याच दिवशीं बंद झालें काय, आणि कोणास नको तो अधिकार राहिला आहे काय, हें त्यानें दर तिमाहीस पाहून मंडळास लेखी कळवावें. व्हॉट्सॲप सोडण्याची आवश्यकता नाहीं. तें निरोपास उत्तम आहे. परंतु निरोप्याच्या पिशवींत घरची खातेवही कोणी ठेवीत नाहीं.

"इंटरनेट नसेल तेव्हां काय?" असा प्रश्न आम्हांस पुष्कळांनीं विचारला. नेहमीच्या फाईली संगणकावरहि उतरवून ठेवतां येतात. तार जोडली गेली कीं बदल आपोआप वर जातात. मात्र त्या अवधींत दोघांनीं एकच फाईल बदलल्यास दोन प्रती होतात, म्हणून असें काम एकानेंच करावें.

काळाची दिशाहि हीच आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा ७/१२ मिळूं लागला, आणि केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. आपल्या जमिनीचा कागद नीट लागला. आतां आपल्या संस्थेचा लागावा, हें आपल्याच हातीं आहे.

आमचें काम पुरें झाल्यावर आम्हीं त्या बाईंना कचेरींत बोलाविलें व त्यांच्याच भागांचें नामनिर्देशनपत्र नव्यानें भरून घेतलें. त्यांनीं मुलीचें नांव घातलें. लेखनिकानें कागद स्कॅन करून क्रमांकानें ठेवला, व पडद्यावर त्यांस दाखविला. त्यांनीं विचारलें, "हा लेखनिक बदलला तरी राहील ना?" "राहील," असें आम्हांस सांगतां आलें. प्रत्येक संस्थेस आपल्या सभासदांस हें एक उत्तर निःशंकपणें देतां यावें, एवढ्याचसाठीं हा खटाटोप आहे. वाचकांनीं येत्या मासिक सभेंत खानेसुमारीच्या वहीचा विषय तरी अवश्य मांडावा, अशी आमची विनंति आहे.